कातळावरचा बेगोनिया लावायचा की तेरडा?

बेळगावजवळ जांबोटी-चोर्ल्याकडे ओल्या कातळावर दोन्ही गुलाबीच फुलतात. बेगोनियाचं पान देठापाशी एका बाजूला मोठं, दुसरीकडे आखूड. नरफुलात पिवळ्या केसरांचा झुबका, मादीफुलामागे तीन पंखांचं बोंड. कातळावरच्या तेरड्याला खोड नाहीच. पानं थेट कंदातून, फुलामागे लांब बाकदार सोंड.

कुंडीत बेगोनिया जास्त सोसतो. जांभ्याचे बारीक तुकडे दोन भाग, कुजलेला पाला एक भाग, उथळ कुंडी, फक्त सकाळचं ऊन. बी धुळीसारखं असतं. ओल्या मातीवर नुसतं भुरभुरवा, पुरलंत की उगवत नाही. तेरड्याला पाझरतं पाणी हवं: साचलं तर कंद कुजतो, सुकलं तर पानं मान टाकतात. शेंगही बोट लागताच फुटते, म्हणून तिला आधीच कापडाची पुरचुंडी बांधा.

पावसाळा सरला की दोघांची पानं जातात. तेव्हा पाणी घालत राहिलात तर कंद गेलाच. कुंडी मेपर्यंत सावलीत, कोरडी.

रानातले कंद उपटू नका. भीमगड अभयारण्यात तर बीसुद्धा घ्यायचं नाही.

बेळगावात गॅलरी असेल तर बेगोनियाच. परड्यात पावसाळाभर पाझरणारी जांभ्याची भिंत असेल, त्यानेच तेरड्याच्या वाटेला जावं.