३२ हजारांचं सिरॅमिक कोटिंग आणि दोन फोटो

गेल्या दसऱ्याला आमच्या घरी पहिली चारचाकी आली. आम्ही साखळीचे. बाबांनी आयुष्यभर खाणीवर दुसऱ्याचा ट्रक चालवला आणि २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा स्टिअरिंग सुटलं ते सुटलंच. त्यामुळे मी वाळपईच्या शाळेत जाण्यायेण्यासाठी गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा रंग कोणता हे त्यांनाच ठरवू दिलं. त्यांनी गडद निळा निवडला. माझी फसवणूक झाली ती या रंगाच्या काळजीपोटी. गोव्यात सणाच्या दिवसांत नवी गाडी घेणाऱ्यांना ती कशी झाली हे कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

डिलिव्हरीच्या चार दिवस आधी शोरूममधून फोन आला, "मॅडम, ॲक्सेसरीज फायनल करायला या." काउंटरवरच्या मुलाने पहिलाच प्रश्न विचारला, गाडी कुठल्या भागात फिरणार. साखळी-वाळपई म्हटल्यावर तो म्हणाला, "तुमच्याकडे तांबडी धूळ, पणजीला आलात की खारी हवा, वर चार महिने पाऊस. कंपनीचा रंग इथं दोन वर्षंसुद्धा टिकत नाही." हे खोटं आहे. आमच्या वाड्यावर दहा-बारा वर्षांच्या गाड्या मूळ रंगावर धावताहेत. पण नव्या गाडीचं नाव निघालं की मन हळवं होतं, आणि बाबा शेजारी बसले होते.

त्याने एक लॅमिनेट केलेला तक्ता पुढे ठेवला. वॅक्स, टेफ्लॉन, सिरॅमिक, म्हणजे रंगाच्या रक्षणासाठी त्यावर चढवायचे थर. मग एका सुट्या बॉनेटच्या अर्ध्या भागावर मार्करने रेघ मारली आणि कापडाने अलगद पुसून दाखवली. "नाइन-एच कडकपणा आहे मॅडम. दगडालासुद्धा दाद देत नाही. पाच वर्षांची गॅरंटी." गाडीच्या पोटाला गंजू नये म्हणून मारायचं अंडरबॉडी कोटिंग धरून पॅकेज ३२,००० रुपयांचं. मी हो म्हटलं.

डिलिव्हरीच्या दिवशी आम्ही सकाळी अकराला पोचलो. गाडी मागच्या यार्डात उभी होती, सीटवर प्लास्टिक, बॉनेटवर धुळीचा थर. बाबांनी हौसेने फोटो काढला. आम्ही उरलेले पैसे भरले, विम्याचे कागद पाहिले, चहा झाला. पावणेदोनला गाडी झेंडूची माळ घालून, चकचकीत होऊन समोर आली. तिचाही फोटो काढला. दोन्ही फोटोंवर वेळ आहे, ११.१० आणि १.४४. हे दोन फोटो पुढे माझे सगळ्यात मोठे साक्षीदार ठरले. त्या दिवशी मात्र आम्हाला त्यात काहीच खटकलं नाही. चाकाखाली लिंबं ठेवली, देवळात नारळ फोडला, बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डाग बसू नयेत म्हणून बाबांनी नळीने गाडी धुतली. पाणी मोत्यांसारखं घरंगळत होतं.

जानेवारीत ते मोती दिसेनासे झाले. पाणी बॉनेटवर पसरून राहू लागलं. बाबा म्हणाले, "ह्याच्यावर काहीच नाही गो आता." मी शोरूमला फोन केला. उत्तर मिळालं की तीन महिन्यांनी मेंटेनन्स करून घ्यायचा असतो, त्याचे २,५०० रुपये, आणि तो चुकवला की गॅरंटी संपते. मी कार्ड काढून वाचलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तसं खरोखरच होतं. गॅरंटी फक्त 'चमक' कमी होण्यावर होती. ओरखडे, पाण्याचे डाग, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक या सगळ्याला वगळलेलं. कोटिंगच्या बाटलीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, लावल्याची तारीखसुद्धा नाही. बिलावर 'ॲक्सेसरीज पॅकेज' एवढंच.

पाणी पसरलं म्हणजे कोटिंग नव्हतंच, असं लगेच धरून चालू नका. खऱ्या कोटिंगवरही मळ बसला की पाणी पसरतं, आणि नीट धुतलं की पुन्हा थेंब धरतं. म्हणून फेब्रुवारीत मी गाडी फोंड्याच्या बाजूला एका डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे गाड्यांची बारकाईने सफाई-पॉलिश करणाऱ्याकडे नेली. त्याने आधी सगळी गाडी शाम्पूने धुतली, मग बॉनेटचा एक कोपरा डांबर काढायच्या द्रावणाने आणि अल्कोहोलने पुसून पाणी मारलं. पाणी सपाट पसरलं. मग दरवाजाच्या आतल्या कडेला, जिथे ऊन-पाऊस लागत नाही, तिथे पाहिलं. तिथे अजून थेंब धरत होते. त्याच द्रावणाने पुसलं तर तेही गेले. "हे वॅक्स, कोटिंग न्हय," तो म्हणाला. सिरॅमिक कोटिंग एकदा रंगावर धरलं की असल्या पुसण्याने निघत नाही, ते पॉलिशने घासूनच काढावं लागतं.

मग त्याने जे समजावलं ते मला ऑक्टोबरमध्ये कळायला हवं होतं. गाडीचा रंग म्हणजे गंज रोखणारा थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम दोन केसांची जाडी. त्यातला क्लिअर कोट ४०-५०. सिरॅमिक कोटिंग त्यावर बसतं एखाद-दोन मायक्रॉनचं. एवढ्या पातळ थराने खडी थांबेल कशी? नाइन-एच हे मोजमाप पेन्सिलीच्या कडकपणाचं आहे, ठरावीक पेन्सिलने ओढून पाहायच्या चाचणीतलं. दगडाशी त्याचा संबंध नाही. उडालेल्या खडीपासून वाचवते ती पीपीएफ म्हणजे जाड पारदर्शक फिल्म, १५०-२०० मायक्रॉनची, आणि अख्ख्या गाडीला लावायची तर तिचा खर्च खूपच मोठा.

टेफ्लॉनचंही विचारलं, कारण माझ्या सहकारी बाईंनी ते केलं होतं. टेफ्लॉन वितळतं ३२७ अंशांना. तव्यावर ते बसवतात भट्टीच्या उष्णतेत. गाडीच्या रंगाला तेवढी आच देताच येत नाही, मग ते रंगाला धरणार कुठून? त्या नावाने लागतं ते बहुतेक वेळा पॉलिश आणि सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच पण कृत्रिम थर.

कोटिंगमध्ये खरा पैसा जातो तो माणसाच्या तासांना. नव्या गाडीवरही यार्डातली धूळ, लोखंडाचे कण, चुकीच्या कापडाचे ओरखडे असतात. ते क्ले बारने, म्हणजे मळ ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने काढायचे, मशीनने हलकं पॉलिश करायचं, अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवायचा, आणि मग लहान-लहान तुकड्यांत कोटिंग लावत जायचं. त्यानंतर गाडी छपराखाली ठेवायची. निदान २४ तास पाणी नाही, आठवडाभर शाम्पू नाही. म्हणजे गाडी दोन-तीन दिवस त्यांच्याकडेच राहते. माझ्या दोन फोटोंमधलं अंतर दोन तास चौतीस मिनिटांचं आहे आणि दुसऱ्याच सकाळी आम्ही नळी मारली. "मॅडम, उद्या धुऊ नका" एवढंसुद्धा कोणी म्हणालं नाही, कारण धुतल्याने बिघडेल असं त्यावर काही नव्हतंच. कोणी तुम्हाला सकाळी गाडी घेऊन संध्याकाळी 'पाच वर्षांचं कोटिंग' लावून देत असेल, तर तिथेच थांबा. माझा सगळ्यात जास्त राग यावर आहे. वॅक्स लावलं म्हणून नाही, त्याला कोटिंग म्हणून विकलं म्हणून.

वॅक्स वाईट नाही. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका पामच्या पानांवरून मिळतं आणि गडद रंगावर त्याची झळाळी सुंदर दिसते. पण आपल्या उन्हात ते काही आठवडे, फार तर दोन महिने टिकतं. सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने जातं. आता मी तेच स्वतः लावते, एकदा चवथीनंतर पाऊस ओसरला की आणि एकदा मार्चमध्ये, काजूची बोंडं गाडीवर पडायला लागायच्या आधी. बाटली हजार-बाराशेची. बाबांची रोज सकाळी कोरडा फडका मारायची सवय मात्र मोडावी लागली. तांबड्या धुळीत बारीक रेती असते, कोरडं पुसलं की तीच रंगावर फिरते, आणि गडद निळ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उन्हात लगेच दिसतात. ट्रकच्या दिवसांपासूनची सवय, त्यांना जड गेलं. आता दोन बादल्या असतात, एक शाम्पूची, एक हातमोजा खळबळायची.

अंडरबॉडीचं थोडक्यात सांगते. काळा फवारा सायलेन्सरवरही मारला होता, महिनाभर जळका वास येत होता. दरवाजांच्या खालची पाणी निघून जायची दोन भोकं त्याने बुजली होती. पावसाआधी ती मोकळी करून घेतली. तुम्हीही बघा, पाणी आत साठलं तर ज्या गंजाला घाबरून पैसे दिले तोच आतून लागतो.

मार्चमध्ये मी शोरूमला लेखी पत्र दिलं, दोन्ही फोटो आणि डिटेलिंगवाल्याची लेखी नोंद जोडून. महिनाभर उत्तर नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. आठ दिवसांत फोन आला, १५,००० परत देतो, 'आमची काही तक्रार नाही' या कागदावर सही करा. मी सही केली नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. एवढ्या रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो.

अशा पॅकेजचं कार्ड तुमच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये असेल तर आज काढून वाचा. उत्पादनाचं नाव आणि बॅच नंबर आहे का पाहा, आणि गाडी ताब्यात घेतलेल्या दिवसाचे फोटो फोनमधून पुसू नका.