एव्हरेस्ट बेस कॅम्प की फ्रेंडशिप पीक?

आकडे पाहिले तर फरक जेमतेम ७५ मीटरचा. एव्हरेस्टचा बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आणि मनालीजवळचं फ्रेंडशिप शिखर ५,२८९ मीटरवर. म्हणजे शिखरच बेस कॅम्पपेक्षा बुटकं! म्हणून सोलापुरात पार्क मैदानावर सकाळी पळणाऱ्या आमच्या मंडळींचं ठरलेलं: कमी उंचीचं, कमी दिवसांचं, कमी खर्चाचं फ्रेंडशिप आधी उरकू, नेपाळचं मग बघू. दोन्हीकडे जाऊन आल्यावर मला हा हिशेब उलटा वाटतो.

बेस कॅम्पची वाट लांब आहे, अवघड नाही. लुक्ला या विमानतळाच्या गावापासून जाऊन-येऊन सुमारे १३० किलोमीटर, १२ ते १४ दिवस. नामचे बाजारला (३,४४० मीटर) एक दिवस जादा मुक्काम, डिंगबोचेला (४,४१० मीटर) आणखी एक. तिथे बसून राहायचा कंटाळा येतो खरा, पण विरळ हवेची सवय याच दिवसांत होते. ३,००० मीटरच्या वर रात्रीचा मुक्काम रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये म्हणतात. या वाटेवर ते बहुतेक पाळलं जातं. झोपायला लॉज, जेवायला दालभात, तोही हवा तितका. शेंगाचटणी आणि कडक भाकरी मात्र घरून न्या. बेस कॅम्पआधीच्या शेवटच्या मुक्कामी, गोरक्षेपला, मी भाकरी मोडत होतो, तर शेजारच्या टेबलावरच्यांना तो पापड वाटला.

दोर, क्रॅम्पॉन (बर्फात घसरू नये म्हणून बुटांना लावायचे काटे) यांची इथे गरज नाही. दुखलंखुपलं तर हंगामात फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना असतो.

फ्रेंडशिपचं गणित वेगळं. मनाली २,००० मीटरच्या आसपास, तिथून सगळी मोहीम सात-आठ दिवसांत आटपते. मुक्काम तंबूत. शेवटच्या रात्री एक-दोनच्या सुमारास निघायचं आणि बर्फाच्या उतारावर एका दमात हजारेक मीटर चढायचं, पायात क्रॅम्पॉन, हातात आइस अ‍ॅक्स. एवढ्या उंचीवर श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, आणि आपण आलेलो साडेचारशे मीटरवरून. पहिल्या खेपेला शिखर समोर दिसत असताना मी डोकं धरून मागे फिरलो. पाय ठणठणीत होते, हवाच पुरली नाही.

सुट्टीच्या बाबतीत मात्र नेपाळ महाग पडतं. ढग आले की लुक्लाची विमानं बंद, त्यामुळे दोन-तीन दिवस हाताशी लागतातच. घर ते घर २० दिवस धरा. गर्दीच्या हंगामात बरीच उड्डाणं काठमांडूऐवजी रामेछापहून होतात, म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तास गाडी. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र चालतं, व्हिसा लागत नाही. फ्रेंडशिपला कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, पुढे रात्रीची बस, आणि सगळं १२ दिवसांत.

हिमालयात पहिल्यांदाच जाणार असाल तर मी डोळे झाकून बेस कॅम्प सांगेन. शिखरच हवं आणि रजाही तुटपुंजी, तर जूनअखेर किंवा सप्टेंबरात आधी मनालीजवळच्या हंप्टा पास या खिंडीचा ट्रेक करा. तो ४,२७० मीटरच्या आसपास आहे. मनालीला एक दिवस झोप काढा आणि मग फ्रेंडशिपला लागा. रजा चार-पाच दिवस वाढेल, तेवढी मागून घ्या.