भंवरकुआच्या झेरॉक्स नोट्स: ॲरेचं प्रकरण कसं आहे?

इंदूरला भंवरकुआच्या झेरॉक्सवाल्यांकडे सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्पायरल नोट्स मिळतात. त्यातल्या एका संचातलं 'ॲरेतली (म्हणजे ओळीने साठवलेल्या संख्यांतली) सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी संख्या' हे प्रकरण अर्धं झकास, अर्धं गोत्यात आणणारं आहे.

झकास भाग जोड्यांचा. 62, 58, 71, 55, 66, 60 या सहा संख्या घेतल्यात. पहिल्या जोडीत एका तुलनेत लहान 58, मोठी 62. पुढच्या जोडीत आधी 71 आणि 55 आपसात, मग 55 फक्त लहानशी, 71 फक्त मोठीशी. पहिलीनंतर जोडीमागे तीनच तुलना, एकूण 7. सरळ पद्धतीने, म्हणजे पहिलीनंतरची प्रत्येक संख्या लहान आणि मोठी दोन्हींशी ताडून, 10 लागतात. हजार संख्यांना 1998 ऐवजी 1498. हाताने गिरवलेली ही आकडेमोड व्हायवात (तोंडी परीक्षेत) हमखास कामी येते.

कोडचं पान मात्र तपासलेलं दिसत नाही. संख्या विषम असल्या की शेवटच्या एकटीला जोडीदार नसतो, तरी लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड) तिच्या पुढचं घर वाचतो आणि उत्तरात कचरा येतो. विषम असेल तेव्हा पहिली संख्याच लहान आणि मोठी दोन्ही धरा, जोड्या दुसरीपासून लावा.

साध्या लूपमधली चूक जास्त छुपी. लहानला सुरुवातीला इंट मॅक्स, मोठीला इंट मिन (इंट या पूर्णांक प्रकारात मावणारी सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या) देऊन पुढे 'एल्स इफ' लावलंय, म्हणजे संख्या लहानपेक्षा लहान नसेल तरच ती मोठीशी ताडायची. 9, 7, 4 टाकून बघा: प्रत्येक संख्या आधीच्या लहानपेक्षा लहान, त्यामुळे एल्सकडे गाडी वळतच नाही आणि मोठी म्हणून −2147483648 छापून येतं. दोन्हींना ॲरेची पहिली संख्या दिली की तोच एल्स इफ बिनधोक चालतो. ॲरे रिकामा नाही ना, एवढं आधी बघायचं.

'जोड्यांची पद्धत नेहमी वेगवान' हे वाक्यही खोडाच. साध्या इंटवर कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम) सरळ लूप एका वेळी अनेक संख्यांवर चालवू शकतो, तिथे जोड्या मागे पडू शकतात. लांबलचक स्ट्रिंगसारखी (मजकुरासारखी) तुलनाच महाग असेल, तिथे त्यांचा खरा फायदा.

सी प्लस प्लस 11 या आवृत्तीपासूनच्या मिनमॅक्स एलिमेंटचा, म्हणजे लहान-मोठी दोन्हींची जागा एकदम शोधणाऱ्या तयार फंक्शनचा, उल्लेखच नाही. तेच वापरा, फक्त सर्वांत मोठी संख्या अनेकदा आली तर ते शेवटची जागा देतं, फक्त मोठी शोधणारं मॅक्स एलिमेंट पहिली.