ग्रुप सांभाळणारा अलर्ट बॉट: काही महिन्यांच्या वापरानंतर

बागकामाच्या एका मोठ्या टेलिग्राम ग्रुपची देखरेख आम्ही चार-पाच जण करतो. गेले कित्येक महिने या कामाला एक बॉट, म्हणजे ग्रुपात आपोआप काम करणारा प्रोग्राम, हाताशी आहे. तो कुणाला स्वतःहून हाकलत नाही. संशयास्पद काही दिसलं की मॉडरेटर्सच्या वेगळ्या ग्रुपात अलर्ट टाकतो, पुढचं आम्ही बघतो. बॉट ठेवण्यासारखा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण लावला आणि विसरलो, अशी ही वस्तू नाही. सुरुवातीच्या सेटिंगपैकी आज फारसं काही उरलेलं नाही, आणि जे बदल केले त्यातले बहुतेक अलर्ट कमी करण्यासाठीच होते.

उभारणीत विशेष काही नाही. बॉटफादर या टेलिग्रामच्याच बॉटकडून आपला बॉट तयार करायचा, टोकन (बॉट चालवायची गुप्त किल्ली) घ्यायचं, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत थोडा कोड. नवख्याची गाडी अडते ती प्रायव्हसी मोडपाशी. टेलिग्रामवर बॉटला ग्रुपातले सगळे मेसेज आपोआप दिसत नाहीत. त्याला उद्देशून दिलेल्या कमांड, त्याच्या मेसेजला आलेले रिप्लाय आणि कोण आलं-गेलं अशा सूचना एवढंच त्याच्यापर्यंत पोचतं. त्याला अ‍ॅडमिन केलं तर सगळं दिसतं. अ‍ॅडमिन न करता बॉटफादरकडून हा मोड बंद केलात, तर बॉटला ग्रुपातून काढून पुन्हा घ्यावं लागतं, तोवर बदल लागू होत नाही. आणखी एक अट अशी, की बॉट कुणालाही आपणहून खाजगी मेसेज पाठवू शकत नाही. समोरच्याने आधी स्टार्ट दाबलेलं हवं. म्हणून मॉडरेटर्सना वैयक्तिक अलर्ट पाठवायचा बेत असेल तर प्रत्येकाला एकदा बॉटकडे धाडा, नाहीतर सरळ एक वेगळा ग्रुप करा. आम्ही ग्रुप केला.

खरी मजा बॉटने पकडायच्या शब्दांच्या यादीत आहे.

बागकामाचा ग्रुप म्हटला की गांडूळखत आलंच. दिवसातून चार वेळा येतं. आणि या सोज्वळ, शेतकऱ्याच्या मित्राच्या नावातली पहिली दोन अक्षरं शिव्यांच्या यादीत ठाण मांडून बसलेली. मेसेजमध्ये कुठेही ती दोन अक्षरं दिसली की अलर्ट, असा नियम ठेवला तर मॉडरेटर्सचा ग्रुप खताने भरून जातो. यावर कुणीही सुचवेल की अख्खा शब्द जुळला तरच पकड. पायथनच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये (मजकुरात ठरावीक नमुना शोधायची सोय) त्यासाठी शब्दाची सीमा दाखवणारं चिन्ह आहे, पण ते देवनागरीत उलटं वागतं. तिथे अक्षर मोजलं जातं, मात्रा मोजली जात नाही. काना, वेलांटी, उकार आला की त्याच्या मते शब्द संपला. परिणाम असा, की 'डू'च्या उकारानंतर 'ळ' आला की त्याला तिथे सीमा दिसते आणि गांडूळ पकडलं जातं. तीच शिवी एकटी, पुढे मोकळी जागा सोडून आली, की सीमा दिसतच नाही आणि ती बिनबोभाट निघून जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इंग्रजी शब्दांवर तपासून 'चालतंय' म्हणणाऱ्या तयार बॉटमध्ये ही गोष्ट हमखास सापडते. उपाय असा, की सीमा आपणच ठरवायची: शब्दाच्या मागेपुढे देवनागरीच्या युनिकोड पट्ट्यातलं (संगणकात देवनागरी चिन्हांना दिलेल्या क्रमांकांतलं) एकही चिन्ह नको.

तेवढ्याने भागत नाही, कारण मराठीत शब्द एकटा फिरत नाही. 'गधडा' यादीत घातला तर 'गधड्याला', 'गधड्यांनो', 'गधडेपणा' सुटतात. सामान्यरूप होताना शेवटच बदलतो. म्हणून यादीत शब्द ठेवण्याऐवजी मूळ ठेवायचं, 'गधड' एवढंच, आणि पुढे काय चालेल ते सांगायचं. उलट 'मर' सारखं तोकडं मूळ कुणी घातलंच, तर 'मराठी' आणि 'मरवा' दोघांवर बालंट. मुळाची लांबी बघूनच ते यादीत घ्यावं. शिवाय माफीची यादी, म्हणजे सोडून द्यायच्या निरुपद्रवी शब्दांची, आधी तपासावी, शिव्यांची नंतर. गांडूळ, गांडूळखत, त्यांची सगळी रूपं माफीत.

आणखी एक बारीक काटा. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात नुक्ता (खालचा ठिपका) असलेला ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, बॉटला मात्र वेगळे. तपासण्याआधी ही अदृश्य चिन्हं काढून टाकणं आणि ऱ चा र करून घेणं, एवढं केलं तरी पुष्कळ निसटलेलं जाळ्यात येतं. शिवीगाळ करणारे अक्षरांच्या मध्ये मुद्दाम अशी चिन्हं घुसवतात, त्यांचाही यात बंदोबस्त होतो. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांचं शुद्धलेखन दर माणशी वेगळं. तिथे जोडीने आलेले स्वर एक करणं आणि डब्ल्यू-व्ही एकच मानणं याच्या पुढे मी गेलो नाही. त्याहून पुढे कष्ट फार आणि फळ थोडं.

आता अलर्ट. माझं मत असं झालं आहे की नुसत्या शिवीवर अलर्ट येऊच नये. कुंडीतल्या मिरचीने दगा दिला म्हणून कुणी दोन शब्द उच्चारले तर त्यात मॉडरेटरने रात्री अकराला उठून काय करायचं? आमच्याकडे एकटी शिवी फक्त नोंदवहीत जाते. नोंदवही म्हणजे बॉट आवाज न करता नोंदी टाकतो ती वेगळी जागा. बॉटला मेसेज पाठवताना नोटिफिकेशन बंद ठेवण्याची सोय आहे, ती याच कामाची. वाजणारा अलर्ट फक्त दोन खुणा एकत्र आल्या तर: नवा सदस्य आणि पहिल्याच मेसेजात लिंक, शिवी आणि ती कुणाच्या तरी रिप्लायमध्ये, एकच मजकूर थोड्या वेळात वेगवेगळ्या खात्यांवरून. गुंतवणूक दुप्पट करून देणारे बहुतेक पहिल्या प्रकारात अडकतात. काही हुशार मंडळी आधी 'सुंदर गुलाब!' असं लिहितात आणि तासाभराने तोच मेसेज बदलून त्यात लिंक घालतात. टेलिग्राम बॉटला बदललेल्या मेसेजची खबर वेगळी देतो. ती तपासत नसाल तर हा प्रकार कधीच दिसणार नाही.

अलर्टमध्ये काय असावं यावर आमच्यात बराच खल झाला. आता असतं ते असं: मूळ मजकूर, कोणी लिहिलं, ग्रुपात येऊन किती काळ झाला, कोणत्या नियमाने पकडलं, मूळ मेसेजची लिंक आणि खाली तीन बटणं: काढा, गप्प करा, सोडा. कोणत्या नियमाने पकडलं हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण चुकीचा नियम ओळखून दुरुस्त करायचा तो त्यावरूनच. मजकूर अलर्टमध्ये आधीच उतरवून घेणं गरजेचं आहे. ग्रुपातला मेसेज कुणी पुसला की त्याची खबर टेलिग्राम बॉटला देत नाही. नुसती लिंक ठेवली तर तिच्यामागे काहीच उरत नाही.

बटणांबद्दल दोन गोष्टी. बटणामागे दडवायचा मजकूर ६४ बाइटपेक्षा मोठा चालत नाही आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे जेमतेम २१ चिन्हं. तिथे नाव-गाव लिहायच्या भानगडीत न पडता क्रमांक ठेवावेत. दुसरं म्हणजे बटण दाबताच अलर्टचा मजकूर बदलून 'अमक्याने पाहिलं' असं उमटलं पाहिजे. हे नसताना एकाच अलर्टवर दोघे धावायचे, किंवा दुसरा बघेल म्हणून कुणीच नाही. एवढ्या एका गोष्टीने आमच्यातली कुरबूर थांबली.

'गप्प करा'च्या मुदतीत एक गंमत आहे. टेलिग्रामच्या नियमानुसार ३० सेकंदांपेक्षा कमी किंवा ३६६ दिवसांपेक्षा जास्त मुदत दिली तर बंदी कायमची धरली जाते. 'जरा दहा सेकंद लावून बघू' अशी चाचणी घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

स्पॅमची धाड पडते तेव्हा बॉटची खरी परीक्षा. एका ग्रुपात मिनिटाला २० पेक्षा जास्त मेसेज बॉटला पाठवता येत नाहीत; त्यापुढे ४२९ क्रमांकाची चूक येते आणि किती सेकंद थांबायचं ते सांगितलं जातं. दर मेसेजला एक अलर्ट अशी रचना असेल तर नेमक्या निकडीच्या वेळी अलर्ट तुंबतात. आम्ही धाडीत एकच अलर्ट ठेवतो आणि त्यातला आकडा बदलत राहतो.

शांततेचा अर्थ कसा लावायचा, हा वेगळाच प्रश्न. दिवसभर अलर्ट नाही म्हणजे सगळे गुण्यागोविंदाने नांदत आहेत, की बॉटच बंद पडलाय? सुरुवातीला आमचा बॉट एका फुकट होस्टिंगवर (दुसऱ्याच्या संगणकावर प्रोग्राम चालवण्याची सोय) होता. तिथे थोडा वेळ हालचाल नसली की प्रोग्राम झोपवला जाई आणि आम्हाला कळायचं ते ग्रुपातल्या कुणी विचारल्यावर. आता तो जागा बदलून आहे आणि रोज सकाळी नोंदवहीत एक ओळ टाकतो: चालू आहे, काल इतके मेसेज पाहिले. ती ओळ नाही दिसली की जाऊन बघायचं. न उचललेले मेसेज टेलिग्राम २४ तासच राखून ठेवतो, त्यामुळे दिरंगाई परवडत नाही. साधा ग्रुप सुपरग्रुप (टेलिग्रामवरचा मोठ्या ग्रुपचा प्रकार) झाला की त्याचा क्रमांक बदलतो, हेही असंच गुपचूप घडणारं. मॉडरेटर्सचा ग्रुप बदलला आणि बॉट जुन्याच क्रमांकावर पाठवत राहिला, तर बाहेरून सगळं शांतच दिसतं.

आमच्यातल्या काहींचा डिस्कॉर्ड या दुसऱ्या चॅट अ‍ॅपवरही एक छोटा ग्रुप आहे. तिथे २०२२ पासून ऑटोमॉड ही मेसेज आपोआप तपासणारी सोय अंगभूत आहे, त्यामुळे स्वतःचा बॉट चालवायची कटकट नाही. आपले शब्द घालायला सहा नियम, प्रत्येकात हजार शब्द आणि दहा रेजेक्स. अलर्ट कोणत्या चॅनलवर जावा ते निवडायचं, झालं. छोट्या ग्रुपाला मी तेच सुचवेन. फक्त सर्व्हर (डिस्कॉर्डवर ग्रुपला हेच म्हणतात) सांभाळण्याची परवानगी असलेल्यांना ऑटोमॉड अडवत नाही, तेव्हा चाचणी साध्या सदस्याच्या खात्यावरून घ्या. अलर्टमधूनच आपल्या मनासारखी बटणं, आपली माफीची यादी, आपल्या दोन खुणांचा हिशोब हे हवं असेल तर मात्र बॉट लिहिण्याला पर्याय नाही.

मॉडरेटर्सच्या ग्रुपात लोकांचे पुसलेले मेसेज साठत जातात, हे मला अजून थोडं खटकतं. ज्याने रागाच्या भरात लिहून लगेच पुसलं, त्याचं आमच्याकडे राहतंच. तिथे महिन्याचं ऑटो-डिलीट लावलंय आणि ग्रुपच्या नियमांत ही गोष्ट उघड लिहिली आहे.

चित्रांपुढे बॉट आंधळा आहे. 'घरबसल्या कमवा'ची जाहिरात फोटो म्हणून आली, शेजारी मजकूर काही नाही, की तो चुकूनही बोलत नाही. चित्रातला मजकूर वाचणारी भर घालून पाहिली, पण रोपांच्या पिशव्यांवरची आणि औषधांच्या बाटल्यांवरची अक्षरं वाचून ती इतके अलर्ट द्यायला लागली की काढून टाकली. त्यासाठी आता सदस्यांनाच एक कमांड दिली आहे. खटकणाऱ्या फोटोला रिप्लाय करून ती टाकली की अलर्ट येतो, आणि तक्रार कुणाची ते ग्रुपात दिसू नये म्हणून बॉट ती कमांड लगेच पुसतो. गेल्या काही आठवड्यांत कामाचे निघालेले बहुतेक अलर्ट याच वाटेने आलेत.