बँकॉकमध्ये मुक्काम कुठे: खाओ सान की याओवारात?

सॅक पाठीवर टाकून निघालेल्यांना खाओ सान रोड ऐकून माहीत असतोच. स्वस्त डॉर्म, राजवाडा चालत जाण्याच्या अंतरावर, सोबतीला जगभरचे भटके. पण रात्री उशिरापर्यंत गाणी दणदणतात आणि मेट्रो जवळ नाही. जवळच्या फ्रा आथित या नदीवरच्या धक्क्यावरून बोट मात्र मिळते.

याओवारात म्हणजे चायनाटाउन. २०१९ पासून वाट मांगकोन मेट्रो स्टेशन अगदी दाराशी. दिवे लागले की फुटपाथवरच कढया चढतात: कालवांचं खरपूस ऑम्लेट, काळ्या मिरीचा झणझणीत रस्सा, त्यात तांदळाच्या गुंडाळलेल्या पट्ट्या. शाकाहारी असाल, तर लाल अक्षरांची पिवळी झेंडी शोधा. तिथे मांस-मासे नसतात.

एकटेच पहिल्यांदा जात असाल, तर ओळखींसाठी दोन रात्री खाओ सानला राहा. मी मात्र याओवारातच निवडेन.