एएमएच कमी आलंय? पॅकेजचे पैसे भरण्याआधी हे वाचा

रिपोर्टवर ‘पुअर रिस्पॉन्डर’ (म्हणजे इंजेक्शनं देऊनही अंडी कमी मिळणारी) असा शिक्का बसलेल्या, पुण्यात आयव्हीएफ करू पाहणाऱ्या बायकांसाठी लिहितेय. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून क्लिनिकचं नाव लिहीत नाही.

माझं वय 38, एएमएच (अंडाशयात अंडी किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 0.7. काउन्सेलर मॅडम रिपोर्ट बघून म्हणाल्या, “तुमच्याकडे वेळच नाहीये. एकतर डोनर एग घ्या, नाहीतर आमचं बूस्टर पॅकेज.” त्यात अंडी वाढवायची रोज 450 युनिटची इंजेक्शनं, ग्रोथ हार्मोन आणि वर अंडाशयात पीआरपी (आपल्याच रक्तातून काढलेला प्लेटलेट्सचा द्रव). साडेचार लाख, निम्मे त्याच दिवशी. बाहेरून औषध आणलेलं चालणार नाही, कोल्ड चेन तुटते म्हणे. (नंतर सदाशिव पेठेत चौकशी केली. तीच इंजेक्शनं एमआरपीपेक्षा बऱ्याच कमी भावात, बर्फाच्या पिशवीत घालून देतात.)

ही इंजेक्शनं पावडरच्या छोट्या बाटल्यांत येतात, एकीत 75 युनिट. म्हणजे 450 ला सहा बाटल्या. सिस्टर पडद्यामागून सिरिंज भरूनच बाहेर यायची. एकदा पडदा अर्धवट राहिला, तर ट्रेमध्ये टोपण काढलेल्या चारच बाटल्या! विचारलं तर “दोन आधीच फेकल्या.” यापुढे माझ्यासमोर भरा म्हटलं, तर “डॉक्टरांवर विश्वास नाही का तुमचा?” बिलात मात्र रोज सहा. रिकाम्या बाटल्या मागितल्या, त्या बायोमेडिकल कचऱ्यात गेलेल्या. बिलावर बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही. औषधाच्या बिलावर या दोन्ही गोष्टी असायलाच हव्यात.

हाती आली दोन एग्ज. एम्ब्रियो (गर्भ) एकही नाही.

फाईल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाच मिनिटांत जे सांगितलं ते आधी कुणीच सांगितलं नव्हतं. इंजेक्शन नवीन अंडी तयार करत नाही. त्या महिन्यात सोनोग्राफीत जे बारीक फॉलिकल (अंड्यांच्या पिशव्या) दिसतात, तेवढेच वाढवतं. चारच असतील तर डोस दुप्पट करून आठ कुठून येणार? युरोपातल्या ‘एश्रे’ या संस्थेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांतही अशा पेशंटना दिवसाला 300 युनिटच्या वर देऊ नये असं आहे, आणि ग्रोथ हार्मोनचीही शिफारस नाही. पीआरपी तर अजून प्रयोगाच्याच पायरीवर आहे. लेट्रोझोलच्या गोळ्या आणि 150 युनिट एवढ्यावरही सायकल करता येते, खर्च कितीतरी कमी. यश येईलच असं त्याही म्हणाल्या नाहीत, आणि मला तेच पटलं.

तर बाटल्या डोळ्यांसमोर फोडून घ्या, टोपणं घरी आणा. डोस 300 च्या वर गेला की कारण लिहून मागा. 2021 च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याखाली क्लिनिकची नोंदणी आहे का, तेही बघा. आणि फाईलची प्रत लेखी अर्ज करून मागा. 72 तासांत द्यावी लागते. आम्हाला ती वकिलाची नोटीस गेल्यावर मिळाली, आणि त्यात इंजेक्शनच्या चार्टची पानंच नव्हती.