स्टीम रिव्ह्यू: गेमसाठी एक नंबर, पण सेफ्टीची बटणं आपणच दाबायची

पीसीवर गेम विकत घ्यायचे तर माझ्यासाठी स्टीम हे ऑनलाइन गेमचं दुकानच पहिलं, आणि हे मी फक्त सेलमुळे म्हणत नाहीये. किंमत रुपयात, पेमेंट यूपीआयने, आणि घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर रिफंड मागता येतो. ज्यांचं ग्राफिक्स कार्ड जुनं आहे त्यांच्यासाठी हे लाखमोलाचं, कारण गेम आपल्या मशीनवर चालतो की अडकतो ते अर्ध्या तासात कळतं.

पण लिहायला बसलोय ते सेफ्टीसाठी. आता आठवी-नववीतली पोरं पण काउंटर स्ट्राइक हा ऑनलाइन शूटिंग गेम खेळतात आणि आईबाबांना वाटतं पोरगं डोळ्यासमोर आहे, कुठे बाहेर जात नाही, मग कसलं टेन्शन.

आधी स्टीम गार्ड, म्हणजे लॉगिन करताना पासवर्डशिवाय एक कोड पण मागणारी सोय. ईमेलवर कोड येतो तेवढ्यावर थांबू नका, मोबाईल ॲपमधलं ऑथेंटिकेटर (हा कोड फोनवरच दाखवणारं) लावाच. लावताना इंग्रजी आर अक्षराने सुरू होणारा एक रिकव्हरी कोड मिळतो, तो कागदावर लिहून कपाटात ठेवा, त्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवला तर फोन गेला की कोडपण गेला.

आता फसवतात कसे ते जरा नीट सांगतो, कारण पोरं इथेच अडकतात. ओळखीच्या मित्राच्या अकाउंटवरून मेसेज येतो (ते अकाउंट आधीच दुसऱ्याच्या हातात गेलेलं असतं) की "भाई सॉरी यार, माझ्याकडून चुकून तुझं अकाउंट रिपोर्ट झालं, बॅन होईल बघ, या ॲडमिनशी लगेच बोल". मग डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर एक ॲडमिन हजर, प्रोफाइलला लोगो वगैरे सगळं, तो नुसती घाई करतो, स्क्रीन शेअर कर, ईमेल बदल, गिफ्ट कार्ड घेऊन कोड पाठव. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीची माणसं डिस्कॉर्डवर येऊन असलं काही करत नाहीत हो, सपोर्टचं जे काही असेल ते स्टीमच्या सपोर्ट पेजवरच होतं, एवढं एक वाक्य जरी पोराच्या डोक्यात पक्कं बसलं तरी बरंच काम झालं.

दुसरा प्रकार म्हणजे "आमच्या टीमला वोट कर ना". लिंक उघडली की स्टीम लॉगिनची छोटी विंडो येते, वर ॲड्रेस बरोबर, कुलूप पण दिसतं, पण ती विंडो त्या पेजच्या आत बनवलेला नुसता देखावा असतो. माउसने धरून ती ब्राउझरच्या बाहेर ओढून बघा, खोटी असेल तर कडेलाच अडकते, बाहेर येतच नाही. भाच्याला मी हे समोर बसवून करून दाखवलं, तेव्हा त्याला पटलं. कारण तिथे पासवर्ड आणि कोड दोन्ही टाकले की समोरचा त्याच क्षणी आत शिरतो, मग ऑथेंटिकेटर लावलेलं असून काही उपयोग नाही. त्यामुळे लॉगिन करायचं तर ॲड्रेस स्वतः टाईप करून, चॅटमधल्या लिंकवरून कधीच नाही. आणि इन्व्हेंटरी (अकाउंटमधल्या गेमच्या वस्तूंची यादी) प्रायव्हेट करून टाका, चोर महागड्या स्किन्स, म्हणजे गेममधल्या शस्त्रांची सजावट, बघूनच माणूस निवडतात.

इथे व्हॉल्व्हने एक चांगलं काम केलंय, जुलै २०२५ पासून काउंटर स्ट्राइक २ च्या आयटमचा ट्रेड (अदलाबदल) झाला तरी ७ दिवस तो मागे घेता येतो. खरं तर हे कधीच यायला हवं होतं, पण आलं ते बरं झालं.

घरात मुलं असतील तर स्टीम फॅमिलीज, म्हणजे घरच्यांनी मिळून गेम वापरायची सोय, बघाच. ६ जणांपर्यंत ग्रुप होतो, पोराचं अकाउंट चाइल्ड म्हणून जोडायचं, मग कुठले गेम दिसावेत, दिवसाला किती वेळ, चॅट चालू ठेवायचं की बंद हे सगळं आपल्या हातात, आणि पोराने गेम मागितला की रिक्वेस्ट आपल्याला येते, आपण पैसे भरले की त्याला मिळतो, म्हणजे बाबांचं कार्ड पोराच्या अकाउंटला सेव्ह करायची गरजच नाही. पण एक अट लक्षात ठेवा, तुमची कॉपी वापरून फॅमिलीतल्या कोणी चीट केलं आणि त्याला बॅन लागला तर त्या गेममध्ये तुम्हालाही लागतो. मित्रमंडळींना फॅमिली म्हणून जोडू नका ते यासाठीच.

एक स्टार मी कापतोय तो २०२५ मधल्या प्रकारामुळे. फेब्रुवारीत पायरेटफाय नावाचा फ्री गेम थेट स्टीमवर आला आणि त्यात मालवेअर निघालं, मग गेम काढला आणि ज्यांनी खेळला त्यांना विंडोज परत टाकायचा विचार करा असं कळवावं लागलं. म्हणजे स्टोअरवर आहे म्हणून डोळे झाकून डाउनलोड करायचं नाही, नवीन, फ्री, फारसे रिव्ह्यू नसलेला गेम असेल तर थोडं थांबा. तरीही क्रॅक्ड, म्हणजे चोरून फुकट मिळवलेल्या गेमपेक्षा हे कितीतरी बरं, तिथे तर अँटीव्हायरस बंद करा हीच पहिली सूचना असते, आणि ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड, लॉगिन सगळं उचलून नेणारी फाइल त्यातूनच येते. तसं काही झालंच तर दुसऱ्या स्वच्छ डिव्हाइसवरून पासवर्ड बदला आणि सेटिंगमधून सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, पैसे गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा.

अजून एक मनापासून मागणं आहे, स्टीम मराठीत नाही. फॅमिलीची सगळी सेटिंग्ज आईने करायची आणि सगळ्या सूचना इंग्रजीत, माझ्या बहिणीला प्रत्येक ओळ फोनवर समजावून सांगावी लागली. एवढी मोठी कंपनी आहे, करू शकते.

५ पैकी ४.